छोट्या आरोग्य केंद्रात डिजिटल नोंदी: रजिस्टरपासून थकीत यादीपर्यंत

सामान खरेदीच्या आधी केंद्रातली सगळी रजिस्टरं एका टेबलावर मांडा: बाह्यरुग्ण, गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, रक्तदाब-मधुमेह, औषधसाठा आणि महिन्याच्या अहवालांच्या फायली. मग एका बाळाची एकच लस घ्या आणि ती किती ठिकाणी लिहिली जाते ते शोधा. आईकडचं कार्ड, लसीकरण रजिस्टर, सत्राचा टॅली कागद, साठ्याचं रजिस्टर आणि महिन्याचा अहवाल अशा पाच जागा सहज निघतात. यांतली कुठली नोंद कुणी पुन्हा उघडून पाहतं? कार्ड पाहिलं जातं, कारण आई ते घेऊन येते. बाकीच्यांचा आकडा वर जातो आणि खाली काही परत येत नाही.

डिजिटल पद्धतीचे पैसे वसूल होतात ते याच जागी. एकदा लिहिलेली नोंद ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसापुढे परत आली पाहिजे: या सात बाळांची दुसरी मात्रा राहिली, ही त्यांची गावं, हे फोन. अशी यादी निघत नसेल तर रजिस्टर कागदावरून काचेवर आलं इतकाच फरक पडतो, आणि वर बॅटरी चार्ज करायचं काम वाढतं. पुढचं सगळं त्या यादीकडे नेणारं आहे.

सुरुवात कुठून करायची

बाह्यरुग्ण विभागापासून तर मुळीच नको. दिवसाला ४५ रुग्ण आणि एकेका नोंदीला तीन मिनिटं धरली तरी रोज सव्वादोन तास टायपिंगमध्ये जातात. खोकल्यासाठी आलेला माणूस पुन्हा येईलच असं नाही, म्हणजे त्या मेहनतीतून पाठपुराव्याला काही मिळत नाही. रांग लांबली की नोंदी संध्याकाळी एकगठ्ठा भरल्या जातात, तेही आठवेल तशा.

निवडलेल्या कामात तीन गोष्टी हव्यात. रुग्ण पुन्हा पुन्हा येणारा असावा, पुढची तारीख हिशोबाने काढता यावी, आणि जो आला नाही त्याला शोधायला कुणाला तरी वेळ असावा. लसीकरण, गरोदरपणातल्या तपासण्या, क्षयरोग, एचआयव्ही, रक्तदाब आणि मधुमेह ही कामं यात बसतात. तिसरी अट मात्र हमखास विसरली जाते. आठवड्याला ३० थकीत नावं निघणार असतील आणि एका फोनला किंवा निरोपाला सरासरी सहा मिनिटं लागत असतील, तर ते तीन तास कुणाच्या कामाच्या वेळेतून जाणार हे आधी नावानिशी ठरवा. कुणाचंच नाव पुढे येत नसेल तर सॉफ्टवेअरची चर्चा तिथेच थांबवलेली बरी.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी देशाच्या आरोग्य खात्यात काय चालतं याची चौकशी करा. युगांडात एकमेकांशी न बोलणारे इतके पथदर्शी प्रकल्प झाले की २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाला नव्या ई-आरोग्य प्रकल्पांवर स्थगिती आणावी लागली. ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेली डीएचआयएस२ ही प्रणाली ७० हून अधिक देशांत वापरात आहे. तिचा मुख्य जोर एकत्रित आकड्यांवर असला तरी एकेका रुग्णाचा माग ठेवणारा भागही तिच्यात आहे. ओपनएमआरएस २००४ पासून विकसित होत असून ती मुळातच रुग्णाच्या केसपेपरसाठी बनलेली आहे. दोन्हींना परवाना शुल्क नाही. खर्च होतो तो सर्व्हर, प्रशिक्षण आणि देखभालीवर. स्वतःचं अ‍ॅप नव्याने लिहून घेणं हा शेवटचा पर्याय ठेवा, कारण लिहिणारा निघून गेला की दुरुस्ती थांबते.

ओळख क्रमांक

बहुतेक प्रकल्प इथे अडखळतात. नावावरून रुग्ण शोधायचा तर एकच बाई तीन जणांच्या हातून तीन तऱ्हांनी लिहिली जाते. माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव वेगळं. जन्मतारीख माहीत नसते, मग १ जानेवारी टाकली जाते आणि निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. वय अंदाजाने घेतलं असेल तर ‘अंदाजे’ अशी वेगळी खूण ठेवा. खोटी तारीख पुढे खरी समजली जाते.

म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्याच्या शेवटी तपास-अंक ठेवा, म्हणजे टायपिंगची चूक पकडणारा एक जादा अंक. ‘लून’ ही सोपी पद्धत पुरते. समजा मूळ क्रमांक ४८२१३ आहे. उजवीकडून सुरू करून एकाआड एक अंक दुप्पट करा. दुप्पट करून दोन अंकी संख्या आली तर तिचे अंक मिळवा. ३ चे ६, १ तसाच, २ चे ४, ८ तसाच, ४ चे ८. बेरीज २७. पुढच्या दहापर्यंत पोचायला ३ कमी पडतात, म्हणून तपास-अंक ३ आणि पूर्ण क्रमांक ४८२१३३. आता घाईत कुणी ८४२१३३ टाइप केलं, तर पहिल्या पाच अंकांची बेरीज २२ येते, तपास-अंक ८ हवा, आणि अ‍ॅप तिथेच अडवतं. एखादा अंक चुकला तर ही पद्धत हमखास पकडते. शेजारचे अंक उलटे झाले तरी पकडते; तिच्या हातून फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल निसटते.

क्रमांक सर्व्हरकडून मागवू नका. नेट नसेल त्या दिवशी नोंदणी बंद पडते. प्रत्येक केंद्राला ठरावीक पट्टा आधीच वाटून द्या आणि क्यूआर संकेताचे स्टिकर छापून ठेवा: एक रुग्णाच्या कार्डावर, एक केंद्राच्या फाइलवर. क्यूआरखाली क्रमांक मोठ्या अक्षरांत छापलेलाच हवा, कारण कार्ड घामाने, पावसाने खराब होतं आणि कॅमेरा हार मानतो. क्रमांकाची सुरुवात शून्याने करू नका. असं का, ते शेवटच्या परिच्छेदात येईल.

फॉर्म छोटा ठेवा

रक्तदाबाच्या भेटीला सात रकाने पुरेत: क्रमांक, तारीख, वरचा दाब, खालचा दाब, कोणतं औषध दिलं, किती दिवसांचं दिलं, पुढची भेट. तारीख आणि पुढची भेट अ‍ॅपने स्वतः भरावी. कुणी आठवा रकाना मागितला तर एकच प्रश्न विचारा: यातला आकडा पाहून केंद्रात कोण काय वेगळं करणार? उत्तर आलं नाही तर रकाना नको.

रकान्यात १२०/८० आधीपासून भरून ठेवू नका, नाहीतर अर्धं गाव निरोगी निघेल. अशक्य आकड्यांना अडवा. विरळ पण शक्य अशा आकड्यांना फक्त ‘पुन्हा मोजलं का?’ असं विचारा. खरोखर २४० दाब असलेल्या माणसाची नोंदच अ‍ॅपने नाकारली तर धोका त्याच माणसाला असतो. महिन्यातून एकदा आकड्यांचा शेवटचा अंक तपासा. स्वयंचलित यंत्रावर शून्याने संपणारे आकडे साधारण दहात एक असायला हवेत. निम्मे आकडे शून्याने संपत असतील तर दाब मोजला जात नाही किंवा गोळाबेरीज करून लिहिला जातो, हे नक्की.

नेट आणि वीज नसेल तेव्हा

‘ऑफलाइन चालतं’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. फोन विमान-मोडवर टाकून अख्खं सत्र करून पाहा: नवी नोंद, जुन्या रुग्णाचा शोध, थकीत यादी. पुष्कळ अ‍ॅप्स नेटशिवाय नवी नोंद घेतात, पण जुना रुग्ण शोधायला नेट मागतात. मग कर्मचारी वैतागून त्याच माणसाची नव्याने नोंदणी करतात आणि महिन्याभरात दुहेरी नावांचा ढीग साचतो.

दोन फोनवरून एकाच रुग्णाची माहिती बदलली गेली तर शेवटी पोचलेली नोंद आधीची पुसून टाकते. म्हणून प्रत्येक भेट ही नवी, स्वतंत्र नोंद असावी. जुनीवर लिहायची सोयच नको. फोनचं घड्याळही पाहा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही फोनची तारीख मागे जाते, कधी थेट १ जानेवारी १९७० वर, आणि त्या दिवशीच्या सगळ्या लसी बाळाच्या जन्माआधीच्या ठरतात. शेवटच्या समक्रमणाच्या (फोनमधल्या नोंदी सर्व्हरशी जुळवण्याच्या) आधीची तारीख दिसली की अ‍ॅपने थांबून विचारावं.

विजेचा हिशोब वॉट-तासांत करा. ४५ वॉटचा लॅपटॉप ६ तास म्हणजे २७०, १० वॉटचा राउटर ८ तास म्हणजे ८०, चार फोन मिळून ६०, १० वॉटचा दिवा ४ तास म्हणजे ४०, एकूण ४५०. तारा, चार्जर, इन्व्हर्टर यांतला तोटा ३० टक्के धरला तर सौर पॅनेलकडून रोज सुमारे ६४० वॉट-तास हवेत. दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन धरलं तर १४३ वॉट येतात. धूळ आणि ढग लक्षात घेऊन २०० वॉटचं पॅनेल घ्या. दोन दिवस ऊन नाही पडलं तरी काम चालायचं तर ९०० वॉट-तास साठा लागतो. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, म्हणून ती १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर १०० ची पुरते. या बॅटरीवर पंखा किंवा टीव्ही जोडला जातोच, आणि बॅटरी वर्षभरात मरते. सॉकेट कुलूपबंद पेटीत ठेवा.

थकीत यादी आणि संदेश

यादी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी निघावी. त्यात नाव, क्रमांक, गाव, फोन, काय राहिलं, किती दिवस झाले, आणि शेवटी रिकामा रकाना: ‘काय झालं’. आला, स्थलांतर, दुसरीकडे उपचार घेतो, मृत्यू, फोन लागत नाही अशी पाच-सहा ठरलेली उत्तरं ठेवा. हा रकाना भरून अ‍ॅपमध्ये परत गेला नाही तर तीच नावं दर आठवड्याला येतात, यादी लांबत जाते आणि तिसऱ्या महिन्यात तिला कुणी हात लावत नाही. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीला ही यादी कागदावर छापून द्या, तिच्याकडे फोन असला तरी. उन्हात स्क्रीन दिसत नाही.

एसएमएस लिहिताना अक्षरं मोजा. इंग्रजी लिपीत एका संदेशात १६० वर्णचिन्हं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात; ‘उद्या’ या शब्दाचे पाच होतात. ‘आपली भेट मंगळवारी, १४ तारखेला आहे. येता येईल का? होय १, नाही २’ हा संदेश ६२ चिन्हांचा आहे. पुढे ‘नमस्कार.’ जोडलं की ७१ होतात आणि एका संदेशाऐवजी दोनांचे पैसे पडतात. आजाराचं, औषधाचं किंवा विभागाचं नाव संदेशात कधीही नको. फोन घरात एकच असतो आणि वाचणारा बहुधा दुसराच कुणी असतो.

नुसत्या आठवणीपेक्षा उत्तर मागणारा संदेश जास्त कामाचा. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून एकदा ‘कसं काय?’ एवढाच प्रश्न स्वाहिलीत पाठवला जाई. ठीक आहे की अडचण आहे, एवढं ४८ तासांत कळवायचं. अडचण सांगणाऱ्याला आणि गप्प राहणाऱ्याला केंद्रातून फोन जाई. संदेश मिळणाऱ्या गटात ५७ टक्के रुग्णांच्या रक्तातला विषाणू दबलेला आढळला, दुसऱ्या गटात ४८ टक्के. तिथे फोन करायला माणूस नेमलेला होता, हे विसरून नुसते संदेश पाठवले तर तो फरक मिळेल असं धरू नका.

काम जमतंय का हे गळतीवरून पाहा. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीची पहिली मात्रा १२० बाळांना आणि तिसरी ९९ बाळांना दिली असेल, तर १२० वजा ९९, भागिले १२०, म्हणजे १७.५ टक्के गळती. दहाच्या वर गेलं की समजा बाळं एकदा येतात आणि परत येत नाहीत. ती कुठल्या गावांची, हे यादी सांगते.

औषधसाठा आणि लशींचा फ्रिज

औषधांची मागणी काढताना एक चूक सर्रास होते. तीन महिन्यांत ३०० गोळ्या गेल्या, म्हणून महिन्याला १०० लागतात असं धरलं जातं. पण त्या ९० दिवसांत ३० दिवस गोळ्या संपलेल्या असतील, तर ३०० गोळ्या ६० दिवसांत गेल्या आणि खरी गरज महिन्याला १५० आहे. शंभरच मागवल्या की पुढच्या खेपेला आणखी लवकर संपतात आणि मागणी आणखी घटलेली दिसते. साठा शून्यावर होता ते दिवस अ‍ॅपने वेगळे मोजायला हवेत. साठ्याची माहिती पोचवायला साधा फोनही पुरतो: टांझानियात २००९ मध्ये केंद्रांकडून दर आठवड्याला मलेरियाच्या औषधांचा साठा एसएमएसने मागवला. सुरुवातीला तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांत एखादं तरी औषध संपलेलं होतं. २१ आठवड्यांत ते प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं.

लशींचा फ्रिज २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिला पाहिजे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या तापमाननोंदी यंत्रांचा इशारा तापमान सलग १० तास ८ च्या वर राहिलं किंवा ६० मिनिटं उणे ०.५ वर वा त्याखाली गेलं की वाजतो. दार उघडलं की लगेच वाजणारी यंत्रणा घेऊ नका. दहा खोट्या इशाऱ्यांनंतर अकरावा खरा इशारा कुणी पाहत नाही. उष्णतेची धास्ती सगळ्यांना असते, गोठण्याची कुणालाच नसते, आणि हेपॅटायटिस बी, धनुर्वात, पेंटाव्हॅलंट या लशी गोठल्या की निकामी होतात. कुपीवरची उष्णतादर्शक खूण गोठणं दाखवत नाही. म्हणून तापमान मोजणारा संवेदक बर्फाच्या भिंतीला टेकवू नका आणि दाराच्या कप्प्यातही नको. लशींच्या मधोमध ठेवा. इशारा आधी चावी असलेल्याच्या फोनवर जावा, साहेबांच्या नंतर.

दूरवरच्या तज्ज्ञाचा सल्ला हवा असेल तर कमकुवत नेटवर व्हिडिओचा हट्ट सोडा. फोटो आणि टिपण पाठवून काही तासांत उत्तर मिळवणं जास्त भरवशाचं. त्वचेच्या तक्रारीला दोन फोटो: एक लांबून, शरीराचा कुठला भाग ते कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. छातीत दुखणं, झटके, श्वास लागणं, बेशुद्धी, बाळंतिणीचा रक्तस्राव यांत फोटो नको, गाडी बोलवा.

गोपनीयता, बॅकअप आणि कागदाचा निरोप

प्रत्येक कर्मचाऱ्याचं लॉगिन वेगळं हवं. भिंतीवर चिकटवलेला एकच पासवर्ड बहुतेक केंद्रांत असतो, कारण लॉगिनला वेळ लागतो. चार अंकी पिनने पटकन उघडेल अशी सोय केली की तो कागद आपोआप निघतो. फोनची साठवण कूटबद्ध, म्हणजे पिनशिवाय वाचता न येणारी हवी आणि हरवलेला फोन लांबून पुसता यायला हवा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप नसल्यातच जमा.

कागद आणि अ‍ॅप दोन्ही चालवायची मुदत आधीच ठरवा, दोन ते तीन महिने. दर आठवड्याला रजिस्टरातल्या कुठल्याही २० नोंदी उचला आणि अ‍ॅपशी पडताळा. सलग चार आठवडे किमान १९ जुळल्या की रजिस्टर बंद करा. मुदत नसेल तर दुहेरी लिखाण वर्षानुवर्षं चालतं आणि दोष अ‍ॅपला लागतो. अ‍ॅप बंद पडेल त्या दिवसासाठी त्याच सात रकान्यांचे ५० छापील कागद कपाटात ठेवा, आणि ते नंतर कोण भरणार हे त्यांच्यावरच छापा.

कंपनीशी करार करण्याआधी शंभर नोंदींची निर्यात सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा, आणि ती तुमच्याच संगणकावर स्प्रेडशीटमध्ये उघडा. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं दिसली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संकेतात, निघालेली नाही किंवा स्प्रेडशीटला ते कळलेलं नाही. शून्याने सुरू होणारे क्रमांक असतील तर पहिलं शून्य गायब झालेलं दिसेल आणि त्याबरोबर रुग्णाची ओळखही. ३/४ ही तारीख काही ओळींत मार्च आणि काहींत एप्रिल होते, म्हणून तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मागा. औषधांचे आणि आजारांचे संकेतांक असतील तर त्यांच्या अर्थाची यादी सोबत हवी. हे चारही जमल्यावरच सही करा, आणि करार संपल्यावर हीच फाइल किती दिवसांत मिळेल तो आकडा करारात लिहून घ्या.